गावात सिकलसेलची जागृती कशी करावी: पहिल्या बैठकीपासून अहवाल हातात पडेपर्यंत

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २००८ साली ठराव केला, तेव्हापासून ही तारीख पाळली जाते. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, तिची एक मोठी अडचण आहे. तेव्हा शाळा उघडलेल्या नसतात आणि घरोघरी पेरणीची धावपळ चालू असते. दवाखान्याच्या आवारातून फेरी निघते, घोषणा होतात, पण ज्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं ती माणसं त्या दिवशी बियाणं आणायला तालुक्याला गेलेली असतात किंवा शेतात असतात. फेरी जरूर काढा. मात्र गावात सिकलसेल खरोखर कळायला हवा असेल, तर काम त्या एका दिवसापुरतं ठेवून चालत नाही.

पूर्व विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारकडे किंवा पालघरच्या पाड्यांवर हे काम करू पाहणाऱ्या कुणासाठीही हा लेख आहे. तुम्ही आशाताई असाल, शिक्षक, बचत गटाच्या अध्यक्ष, कॉलेजातले एनएसएसचे विद्यार्थी किंवा ज्यांच्या घरात हा आजार आहे असे आईबाप असाल. तपासणीची यंत्रणा आज पूर्वीपेक्षा बरी आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. सरकारी केंद्रात चाचणी मोफत होते. कमी पडतं ते बोलणं. चाचणीआधी कुणी काय समजावलं आणि अहवाल आल्यावर त्या घरी कोण जाऊन बसलं, यावरच सगळं ठरतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये या दोन गोष्टींना सर्वात जास्त जागा दिली आहे.

पायरी पहिली: आधी स्वतः नीट समजून घ्या

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा साचा आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन जनुकांवरून बनतो. दोन्ही चांगली असली तर माणूस ‘एए’. एक चांगलं आणि एक सिकलचं असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलची असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अडकल्या की तिथे वेदना होतात आणि तो भाग निकामी होत जातो. शिवाय या पेशी लवकर फुटतात. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. गावात याला बहुतेक वेळा कावीळ समजतात आणि मूल झाडपाल्याच्या औषधाला नेलं जातं.

सर्वात महत्त्वाचा फरक वाहक आणि रुग्ण यांच्यातला आहे. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, पोलीस भरतीला धावतो, बाई बाळंत होते. फार थकवणारी मेहनत करताना पाणी पीत राहावं, लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवावं, एवढीच काळजी. गोळ्या लागत नाहीत. वाहक पुढे जाऊन रुग्ण होत नाही. हा फरक तुमच्या स्वतःच्या बोलण्यात एकदा जरी सैल झाला, तरी गावातल्या वाहकांच्या कपाळावर आजाराचा शिक्का बसतो आणि तो पुसायला वर्षं जातात.

आणखी एक प्रकार माहीत असू द्या. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक आजार) आलेली माणसंही असतात. त्यांनाही रुग्णासारखाच त्रास होतो. म्हणून जोडप्यातला एक ‘एएस’ आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर ‘काही काळजी नाही’ असं सांगून मोकळं होऊ नका.

हा आजार फक्त आदिवासींचा नाही. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान अशा जमातींत वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून जास्त आढळलं आहे, हे खरं. पण विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो भरपूर आहे. पिढ्यान्पिढ्या हिवतापाच्या पट्ट्यात राहिलेल्या लोकांत हे जनुक टिकून राहिलं, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. लोकांना ही गोष्ट जरूर सांगा. ‘आमच्याच रक्तात खोट का?’ या प्रश्नाला तेच खरं उत्तर आहे. हे पाप नाही, शाप नाही, आईचा दोष नाही.

पायरी दुसरी: गावात कुणाला आधी भेटायचं

सुरुवात उपकेंद्रापासून करा. समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम (आरोग्यसेविका) आणि आशाताई यांना विचारा: आतापर्यंत किती जणांची चाचणी झाली, किती अहवाल आले, किती वाटले गेले, रुग्ण किती आणि ते औषध कुठून घेतात. बऱ्याच गावांत एक फेरी आधीच होऊन गेलेली असते आणि अहवाल मात्र कुठेतरी कपाटात पडलेले असतात. तसं असेल तर नवं शिबिर नंतर. आधी ते जुने अहवाल ज्याच्या त्याच्या हातात द्या. ज्या बाईने मागच्या वर्षी रक्त दिलं आणि काहीच कळलं नाही, ती या वर्षी बोट पुढे करणार नाही. तिचं चूकही नाही.

त्यानंतर पोलीस पाटील, गावप्रमुख, ग्रामसभेचे लोक. गडचिरोलीकडे पुजारी, मेळघाटात भुमका, सातपुड्यात भगत अशा गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्यांना टाळू नका. अंग दुखून मूल रडायला लागलं की लोक पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात. त्यांच्याशी वाद घालायला बसू नका. एवढंच मागा: ‘बाबा, तुमचं तुम्ही करा, पण ताप असेल, दम लागला असेल, नाहीतर पोट फुगलं असेल, तर त्याच वेळी दवाखान्यातही पाठवा.’ मानाने विचारलं तर बहुतेक जण ऐकतात.

गावातलाच एखादा रुग्ण किंवा त्याचे आईवडील बोलायला तयार असतील, तर त्यांच्यासारखा वक्ता नाही. मात्र ते स्वतःहून तयार असतील तरच. महाराष्ट्रात हे काम मोठं झालं ते असंच, झटून मागे लागलेल्या माणसांमुळे. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांना संघटित करून त्यांच्या हक्कांसाठी आयुष्य घातलं. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये अनेक वर्षं तपासणी आणि उपचाराचं काम केलं. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

भाषेचंही आधीच ठरवा. गोंडी, माडिया, कोरकू, पावरी बोलणाऱ्या बायांसमोर पुस्तकी मराठीतलं भाषण वाया जातं. बोलणारा त्या भाषेतला हवा आणि त्याच्याकडून आदल्या दिवशी एकदा सगळं म्हणवून घ्या.

पायरी तिसरी: वेळ

गाव गावात असेल तेव्हाच जा. नंदुरबारकडून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. ती होळीला परततात, आणि सातपुड्यात होळी म्हणजे सगळे गावी असण्याचा काळ. गडचिरोली-गोंदियात मे महिन्यात तेंदूपत्ता चालू असतो. बाया पहाटे जंगलात जातात आणि दुपारी पुडे बांधत बसतात. रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत कुणालाही बोलवू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या वाटेवर टेबल मांडलं तर चाचणीला गर्दी होते, पण समजावून सांगायला तिथे उसंत मिळत नाही. बैठक संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, टोल्यातल्या (वस्तीतल्या) एखाद्या अंगणात घ्यावी. गावातल्या प्रत्येक टोल्याची वेगळी बैठक घ्या. ग्रामपंचायतीत एकच मोठी सभा ठेवली तर लांबच्या टोल्यातल्या बाया येत नाहीत, आणि नेमकी तिथेच गरज जास्त असते.

शाळा उघडल्यानंतरचा महिना आणि दिवाळीची सुट्टी, हे दोन काळ तरुण पोरांसाठी चांगले. सुट्टीत आश्रमशाळेतली मुलं घरी आलेली असतात.

पायरी चौथी: बैठकीत काय बोलायचं

जनुक, गुणसूत्र हे शब्द सुरुवातीला टाळा. चिंचोके घ्या. चार पुरतात. दोन साधे, दोघांवर चुन्याचं बोट लावलेलं. एका बाईच्या ओंजळीत एक साधा आणि एक चुन्याचा द्या, तिला सांगा, ‘तू आई, वाहक.’ एका माणसाच्या ओंजळीत तसेच दोन द्या, ‘तू बाप, तूही वाहक.’ आता एका लहान मुलाला डोळे मिटून दोन्ही ओंजळींतून एकेक चिंचोका उचलायला लावा. दोन्ही साधे आले: बाळ निरोगी. एक चुन्याचा आला: वाहक, आईबापासारखंच. दोन्ही चुन्याचे आले: रुग्ण. पाटीवर लिहा, चिंचोके पुन्हा ओंजळीत टाका आणि परत उचलायला लावा. असं दहा-पंधरा वेळा करा.

चिंचोके परत टाकायला विसरू नका, कारण सगळं त्यातच आहे. जवळपास प्रत्येक गावात कुणीतरी म्हणतंच, ‘चारातलं एक आजारी म्हणता ना? आमचं पहिलं पोरगं तसं झालं, म्हणजे पुढची तीन चांगली.’ खेळात कधी लागोपाठ दोनदा दोन्ही चुन्याचे येतात, कधी दहा वेळा एकदाही येत नाहीत. नशीब मागचा हिशेब ठेवत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला रुग्ण बाळाची शक्यता २५ टक्के, वाहक बाळाची ५० टक्के, निरोगी बाळाची २५ टक्के. पहिलं कसंही झालेलं असो.

मग ओंजळी बदला. एक वाहक आणि एक ‘एए’ असेल तर रुग्ण बाळ होत नाही. निम्मी शक्यता वाहकाची. एक रुग्ण आणि एक ‘एए’ असेल तर सगळी बाळं वाहक, रुग्ण एकही नाही. हा भाग मुद्दाम सावकाश दाखवा. रुग्ण मुलीचं लग्न होऊच शकत नाही असं मानणाऱ्या घराला त्यातून दिसतं की जोडीदार ‘एए’ असेल तर तिचं बाळ या आजारापासून सुटतं. गरोदरपणात तिला मोठ्या दवाखान्याची देखरेख मात्र लागेलच. एक रुग्ण आणि एक वाहक असेल तर निम्मी शक्यता रुग्णाची.

खेळानंतर प्रश्न येतात. स्पर्शाने होतो का? नाही. डास चावून, उष्टं खाऊन, शेजारी झोपून? नाही. मोठेपणी होतो का? नाही, जन्मापासूनच असतो. तो बहुधा सहा महिन्यांनंतर दिसायला लागतो, कारण पोटातल्या बाळाचं वेगळं हिमोग्लोबिन तोवर त्याला सांभाळत असतं. पहिलं लक्षण अनेकदा हातापायांच्या पंजांना येणारी दुखरी सूज असतं. रक्त चढवलं की बरा होतो का? नाही, तेवढ्यापुरती अडचण टळते. बीट, गूळ, पालक खाऊन? जेवण चांगलं असावंच, पण सिकल त्याने जात नाही.

पायरी पाचवी: चाचणी

शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच तिच्यातून कळतं. माणूस वाहक की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. आता काही ठिकाणी जागीच ‘एए, एएस, एसएस’ वेगळं दाखवणारे किट येतात. कोणतं किट वापरलं जातंय ते आधी विचारून घ्या.

शिबिराच्या टेबलावरून ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नका. लोकांच्या कानात तो एचआयव्हीशी जोडलेला आहे. एक बाई शिबिरातून रडत घरी गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि ती नुसती वाहक होती. ‘तुमच्या रक्ताची पुढची तपासणी करायची आहे, अहवाल आला की मी स्वतः घरी येईन,’ एवढं म्हणा आणि खरंच जा.

तांत्रिक गोष्टी थोड्याच, पण चुकवू नयेत अशा. उपाशीपोटी यायची गरज नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला सोल्युबिलिटी चाचणी उपयोगाची नाही. आईवडील वाहक असतील तर बाळाला थेट मोठ्या प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी न्यावं. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर ते नोंदवा, नाहीतर दुसऱ्याचं रक्त तपासलं जातं. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर सोल्युबिलिटी चाचणी चुकीचं ‘नाही’ दाखवू शकते. अशा माणसाचं रक्त सरळ एचपीएलसीला पाठवायला सांगा.

नोंदवहीत पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, टोला, वय, फोन लिहा. एकाच गावात सुनीता मडावी नावाच्या चार बाया असू शकतात. अहवाल चुकीच्या घरी गेला, तर एक लग्न उगाच मोडतं आणि दुसऱ्या घरात आजार जन्माला येतो.

पायरी सहावी: अहवाल द्यायला जाणं

सगळ्या मोहिमेतली अवघड आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित पायरी हीच. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लावायची नाही, व्हॉट्सॲपच्या गटात फोटो टाकायचा नाही, शाळेत नाव पुकारून अहवालाचं कार्ड वाटायचं नाही. घरी जायचं, बसायचं, आणि ज्याचा अहवाल त्यालाच सांगायचं. अल्पवयीन असेल तर आईवडिलांना.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या घरांत ऐकू येणारं पहिलं वाक्य बहुधा एकच असतं: ‘ताई, माह्या पोरीले सिकलसेल निंगाला म्हनते, आता तिचं लगन कसं होईन?’ आजाराबद्दलचा प्रश्न नंतर येतो, लग्नाचा आधी. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करावं. मुलगी वाहक असेल तर: ‘तिला काहीच झालेलं नाही, मावशी. ज्याच्याशी सोयरीक कराल त्याची चाचणी करा, तो एए निघाला की तिच्या पोटी हा आजार येत नाही.’ यानंतर चिंचोके पुन्हा काढा. बैठकीत पाहिलेलं असलं तरी स्वतःच्या लेकीच्या बाबतीत ते नव्याने पाहावं लागतं.

कार्डांचे रंग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे असतात, त्यामुळे लोकांना रंग शिकवू नका, अक्षरं शिकवा. कार्डाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायला सांगा. पावसाळ्यात घर गळतं आणि कार्ड जातं.

एक वाहक सापडला की काम त्याच्यापाशी थांबत नाही. त्याच्या आईवडिलांपैकी निदान एक जण वाहक किंवा रुग्ण असणारच, भावंडंही असू शकतात. त्या घरातल्या सगळ्यांची नावं पुढच्या तपासणीच्या यादीत त्याच भेटीत लिहून घ्या.

पायरी सातवी: लग्न आणि गरोदरपण

पत्रिका जुळवताना रक्ताचं कार्डही पाहावं, हे वाक्य आता बऱ्याच जणांना पाठ आहे. सांगण्याची वेळ मात्र चुकते. साखरपुडा झाल्यावर कुणी चाचणी करत नाही आणि केली तर मुलीची बदनामी होते. हे बोलणं दहावी-बारावीच्या, आयटीआयच्या, कॉलेजच्या वर्गात व्हायला हवं, जेव्हा अजून कुणाशी काही ठरलेलं नसतं. आणि ते मुलग्यांशी आधी व्हायला हवं. दोन जनुकांपैकी एक बापाकडून येतं, तरी गावात ‘सिकलची पोरगी’ असंच ऐकू येतं. चाचणी दोघांची, कार्ड दोघांचं. जिथे फक्त मुलीचं कार्ड मागितलं जातं तिथे स्पष्ट बोला.

दोन वाहकांनी लग्न करायचं की नाही हा त्यांचा निर्णय आहे. तुमचं काम त्यांना शक्यता समजावणं, निर्णय देणं नाही. त्यांनी केलं, किंवा आधीच झालेलं असलं, तर पुढचा रस्ता दाखवा. दिवस राहिल्याबरोबर नोंदणी आणि तपासणी. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची चाचणी त्याच आठवड्यात. दोघंही वाहक असतील तर १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. ती मोठ्या केंद्रातच होते, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी लवकर घ्यावी लागते. उशीर झाला की हाती काही राहत नाही. त्या तपासणीनंतर काय करायचं हेही जोडप्यानेच ठरवायचं, सासूने नाही, आणि आपणही नाही.

बाई स्वतः रुग्ण असेल तर तिचं गरोदरपण जोखमीचं आहे. तिची प्रसूती गावात किंवा उपकेंद्रात नको. रक्तपेढी असलेलं रुग्णालय आधीपासून ठरवून ठेवा.

पायरी आठवी: रुग्णाच्या घरी

नवा रुग्ण सापडला की त्याचं पुढचं आयुष्य बरंचसं घरच्यांना काय माहीत आहे यावर ठरतं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घेतल्याने वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. फरक दिसायला काही महिने लागतात, आणि ‘गुण येत नाही’ म्हणून लोक नेमकं त्याआधीच सोडतात. हे पहिल्याच दिवशी सांगा. ते चालू असताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करावी लागते. मूल हवं असेल तर, पुरुष असो वा बाई, आधी डॉक्टरांशी बोलायचं. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत रोज. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलसह सगळ्या लसी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रक्त कमी आहे म्हणून लोह द्या, हा साधा हिशेब इथे चालत नाही; पेशी फुटून त्यांतलं लोह शरीरातच राहतं आणि रक्त चढवत राहिलं की आणखी साठतं.

रोजच्या जगण्यात भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, झेपेल तितकंच काम आणि मधे विसावा. घामाघूम झाल्यावर एकदम गार पाण्याने अंघोळ नको. दारू आणि तंबाखू नको.

आईला पाणथरी (प्लीहा) तपासायला एएनएमकडून शिकवून घ्या: मूल उताणं झोपवून डाव्या बरगडीखाली हलक्या बोटांनी चाचपणं. पाणथरी अचानक मोठी लागली आणि मूल पांढरंफटक पडलं तर तासाभराचाही उशीर नको. दवाखान्यात ताबडतोब न्यायची लक्षणं भिंतीवर लिहून लावा:

- १०१ फॅरनहाइट किंवा जास्त ताप
- छातीत दुखणं, दम लागणं
- पोट फुगणं आणि अंग पांढरं पडणं
- हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झटके येणं
- घरच्या औषधाने न थांबणाऱ्या वेदना
- मुलग्यांना किंवा पुरुषांना लिंगाचा न उतरणारा दुखरा ताठरपणा

शेवटचं लक्षण कुणी सांगत नाही. मुलगे लाजेने आईलाही बोलत नाहीत आणि त्यातून कायमचं नुकसान होतं. पुरुष कार्यकर्त्याने त्यांना बाजूला घेऊन हे एकदा तरी सांगितलंच पाहिजे. गाडीसाठी १०८.

आणि वेदनेवर विश्वास ठेवायला शिकवा. बाहेरून जखम दिसत नाही, सूज असतेच असं नाही, म्हणून मुलाला कामचुकार म्हणतात, सुनेला नाटकी म्हणतात. हाडाच्या आतून उठणारी ही कळ मोठ्या माणसालाही लोळवते. वैदूने किंवा गावातल्या ‘डॉक्टर’ने दिलेलं इंजेक्शन-सलाईन घेऊन दोन दिवस घालवू नयेत. पॅरासिटामॉल, पाणी, ऊब, आणि कळ हटली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र.

पायरी नववी: शाळा आणि आश्रमशाळा

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आश्रमशाळेतल्या अधीक्षक व अधीक्षिका यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या. मागण्या साध्या ठेवा: रुग्ण मुलाजवळ पाण्याची बाटली असू द्या. लघवीला जायची परवानगी मागताक्षणी द्या, कारण या मुलांना लघवी जास्त होते. हिवाळ्यात पहाटे गार पाण्याची अंघोळ नको. खेळाच्या तासाला थांबायचं म्हटलं तर थांबू द्या. औषधाची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे असू द्या, आणि सुट्टीला जाताना महिनाभराच्या गोळ्या सोबत. ताप आला तर ‘उद्या बघू’ नको. वर्गासमोर त्याच्या आजाराचा उल्लेख नको.

पायरी दहावी: हक्काचं काय मिळतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र रुग्णाला मिळतं, वाहकाला नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेलं असावं लागतं. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर, तपासणी जिल्हा रुग्णालयात. एचपीएलसीचा अहवाल, भरती झाल्याचे आणि रक्त चढवल्याचे सगळे कागद एकाच पिशवीत जपून ठेवायला सांगा. टक्केवारी त्यावरूनच ठरते. सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या रुग्णाला बदली रक्तदाता न मागता मोफत रक्त मिळतं. एसटी प्रवासाची सवलत, परीक्षेतला जादा वेळ, निराधार योजनेचं अनुदान यांच्या अटी बदलत असतात, म्हणून आगार, शाळा आणि तहसील कार्यालयात त्या त्या वर्षी विचारून घ्या. कुणा एकाने तालुक्याला जाऊन सगळ्यांचे अर्ज एकदम भरले, तर घरटी मजुरीचा एक दिवस वाचतो.

पायरी अकरावी: काम झालं की नाही, हे कशावरून ओळखायचं

सभेला आलेली डोकी मोजू नका. एक साधी वही ठेवा आणि दर महिन्याला त्यात पाचच गोष्टी पाहा. किती चाचण्यांचे अहवाल अजून घरी पोचले नाहीत. सोल्युबिलिटीत सापडलेल्यांपैकी किती जणांचं एचपीएलसी बाकी आहे. गावातल्या किती रुग्णांनी या महिन्यात हायड्रॉक्सीयुरिया नेलं, आणि ज्यांनी नेलं नाही त्यांचं कारण काय: गोळ्या संपल्या होत्या, बसभाडं नव्हतं, की सोडूनच दिलं. किती गरोदर वाहक बायांच्या नवऱ्यांची चाचणी राहिली आहे. आणि या वर्षी ठरलेल्या लग्नांपैकी किती जोड्यांनी दोन्ही कार्डं पाहिली.

गोळ्या संपल्या असतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, प्रत ग्रामसभेच्या नावे ठेवा आणि पुढच्या सभेत तो विषय घ्या. नवरा कामासाठी बाहेरगावी असेल तर तो जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात चाचणी करून अहवालाचा फोटो पाठवायला सांगा. बाईच्या नावापुढे ती तारीख लिहिली जाईपर्यंत तिचं पान बंद करायचं नाही.